गिरणीकडचा गोल

जेबेझ ऑर्मरॉड वारला तेव्हा त्याच्या शवपेटीचं माप घ्यायला गावात कोणी उरलंच नव्हतं. गावचा सुतार तोच, चाळीस वर्षं हॅरोक्लफमधल्या प्रत्येक मयताचं माप त्यानेच घेतलेलं. शेवटी ब्रॅकशॉहून सुतार आणावा लागला, आणि त्या शहाण्याने पेटी तीन इंच लांब केली. खांदा देताना जेबेझ आत सरकल्याचं मला स्पष्ट जाणवलं. तो शुद्धीवर असता तर त्याने हरकत घेतली असती, आणि तीसुद्धा लेखी, दोन प्रतींत.

मी एली एंटविसल. लाकडी तळव्याचे बूट करणं हा माझा धंदा, आणि नऊ वर्षं मी हॅरोक्लफ फुटबॉल क्लबचा गोलकीपर होतो. जेबेझ त्या क्लबचा चिटणीस. आमच्याकडे खेळायचे पैसे कोणी घेत नसे. उलट आठवड्याला दोन पेन्स वर्गणी भरून आम्ही चिखलात लोळायचो आणि सोमवारी लंगडत कामावर जायचो. आजूबाजूच्या गावांनी खेळाडूंना पगार सुरू केले, स्कॉटलंडहून माणसं आणली, आणि दर वर्षी कपाचे सामने आले की हे पगारी लोक आम्हा हौशी मंडळींना धुऊन काढत. म्हणजे मैदानावर. मैदानाबाहेर त्यांची गाठ जेबेझशी असे.

त्याच्या खिशात पितळी बिजागऱ्यांची घडीची मोजपट्टी असायची. त्याच पट्टीने सकाळी मयत मोजायचा आणि दुपारी दुसऱ्या क्लबचा गोल. त्या काळी सामना संपल्यावरही हरकत घेता येत असे, आणि हरकत मान्य झाली की निकाल रद्द. जेबेझने कपाचे नियम पाठ केले होते. हरकतीचे अर्ज त्याने चक्क छापून घेतले होते. नुसतं समोरच्या क्लबचं नाव आणि दोष भरायचा. पाच वर्षांत कपाच्या सामन्यांत आम्ही सहा फेऱ्या पार केल्या, त्यातल्या दोन खेळून.

मॉसगिलची गोष्ट सांगतो. पगार देणं तेव्हा नियमात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी आपला एक भाडोत्री खेळाडू वाण्याच्या दुकानात नोकर म्हणून दाखवला होता. आम्ही पाच-एकने हरलो. सोमवारी जेबेझ त्या दुकानात गेला आणि अर्धा पौंड चहा मागितला. त्या पठ्ठ्याने चार खण उघडले. पहिल्यात साबण, दुसऱ्यात मेणबत्त्या. चौथा खण बंद करून तो जेबेझलाच विचारतो, "काका, तुम्ही नेहमीचे दिसता. चहा कुठे ठेवतात हो इथे?" जेबेझने तिथल्या तिथे अर्ज भरला. अशा रीतीने आम्ही पाच-एकने हरलो आणि पुढच्या फेरीत गेलो.

पुढे पगार देणं अधिकृत झालं, पण कपासाठी अट आली: पगारी खेळाडू क्लबच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला तरी हवा, नाहीतर दोन वर्षं राहिलेला. जेबेझला हा नियम म्हणजे वाढदिवसाची भेटच वाटली. त्याने अंतर मोजायचं एक चाक बनवलं. ते दर फेऱ्याला टक् असा आवाज करी. ते ढकलत, धो धो पावसात, तो एका बचावपटूच्या खोलीपर्यंत चालत गेला. सहा मैल आणि एक्केचाळीस यार्ड. समोरचा चिटणीस ओरडला, "अहो, सरळ रेषेत मोजा, रस्त्याने काय मोजता?" जेबेझ म्हणाला, "तुमचा माणूस उडत येतो का? चालत येतो ना? मग मी चालतच मोजणार." हीही हरकत मान्य झाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा नाकाने कांदे सोलणारा माणूस गावाने सहन कसा केला? आम्हाला तो आवडायचा, बस्स. आमच्याजवळ स्कॉटलंडची माणसं नव्हती, जेबेझ होता. पण आमचा कप्तान लूथर पिकप याला मात्र ते डाचायचं. लूथर माग चालवायचा, घरात चार पोरं. लांबच्या सामन्याला गेला की शनिवारची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. तो काही लोभी नव्हता. मी त्याच्या पोरांचे बूट शिवलेत, मला ठाऊक आहे.

अठराशे शहाऐंशीच्या कपात आमची चिठ्ठी ब्रॅकशॉबरोबर निघाली. ब्रॅकशॉ म्हणजे अकराच्या अकरा पगारी. त्या संध्याकाळी चॅपलच्या शाळेत सभा झाली आणि लूथर उठून उभा राहिला.

"जेबेझ, आता पुरे. एक तर आपणही पैसे द्यायला लागू, नाहीतर क्लब बंद करू. मी मजुरी बुडवून सात-सात गोल खायला जातो, हे माझ्या बायकोला कसं समजावू?"

"शवपेटीचे मी पैसे घेतो, कारण तो माझा धंदा," जेबेझ म्हणाला. "शनिवारच्या दुपारचेही पैसे घ्यायला लागलो तर मग शनिवार उरला कुठे? सगळेच वार सोमवार होतील."

"तुला ठीक आहे रे. मेलेला माणूस सोमवारपर्यंत थांबतो. माग थांबत नाही."

सगळे हसले, जेबेझसुद्धा. मग लूथरने पैज ठेवली. ब्रॅकशॉला हरवलं तर पैशाची गोष्ट तो पुन्हा कधी काढणार नाही. हरलो तर ठराव मांडायचा, आणि जेबेझने तो चिटणीस म्हणून निमूट लिहून घ्यायचा. "आणि ऐक," लूथर बोट नाचवत म्हणाला, "हरवायचं ते मैदानावर. मोजपट्टीने नाही."

जेबेझने खिशावर हात ठेवला. आपल्या कुत्र्याला कोणी शिवी दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला. पण तो म्हणाला, "कबूल. या सामन्यात मी हरकत घेणार नाही." हे त्याचे शब्द. मी पहिल्या बाकावर होतो.

सामना आमच्याच मैदानावर झाला. एका टोकाला चॅपलकडचा गोल, दुसऱ्या टोकाला गिरणीकडचा. गिरणीकडच्या बाजूला ओढ्याचं पाणी मुरतं, तिथे गोलच्या तोंडाशी घोटाभर चिखल व्हायचा. म्हणून दर ओल्या शनिवारी सकाळी जेबेझ गिरणीच्या बॉयलरची राख आपल्या शवपेटीच्या हातगाडीत भरून आणी आणि तिथे पसरून धुमसाने ठोकून बसवी. चार हिवाळे त्याने हे नेमाने केलं, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान. पाहुण्या क्लबांना तो सांगे, "आमच्याकडे गोलकीपर कोरड्या पायांनी उभा राहतो." मी कोरड्या पायांनी उभा राहत असे, हे खरं आहे.

त्या दिवशी आम्ही कसे खेळलो, ते माझं मलाच कळलं नाही. ब्रॅकशॉचे लोक टाळ्या घेत हिंडत होते, तेवढ्यात लूथरने दोन मारले. त्यांनी दोन फेडले. मग लूथरने तिसरा असा मारला की व्हिनेगर घातलेले काळे वाटाणे खाणाऱ्या गर्दीने हातातले पेले वर उडवले, आणि माझ्या टोपीत वाटाणे पडले. तीन-दोन. शेवटचं मिनिट, मी गिरणीकडच्या गोलमध्ये. ब्रॅकशॉचा स्कॉट, गॅल्ट नावाचा, बैलासारखा माणूस, वीस यार्डांवर मोकळा सापडला. त्याने चेंडू हाणला. मी उडी मारली आणि मला हवेखेरीज काही लागलं नाही. चेंडू वरच्या बारवर आदळून, त्याला थरथरवत, उडून बाजूच्या ओढ्यात गेला. शिट्टी झाली. जेबेझला लोकांनी खांद्यावर घेतलं. जन्मभर दुसऱ्यांना खांदा देत आलेला माणूस, असा उचलला गेल्यावर त्याला धरायचं कुठे तेच कळेना. तो रडत होता. मी त्याआधी किंवा त्यानंतर त्याला रडताना पाहिलं नाही.

सोमवारी पत्र आलं. ब्रॅकशॉचा चिटणीस मिस्टर एमॉस क्रॅबट्री याने हरकत घेतली होती. मैदान नियमापेक्षा अरुंद आहे, पन्नास यार्डांच्या आत आहे, कपाच्या समितीने येऊन मोजावं. अर्ज छापील होता. नमुनासुद्धा जेबेझचाच उचललेला, स्वल्पविरामासकट.

"शिकला बिचारा," जेबेझ खूश होऊन म्हणाला. "पण मोजायला नाही शिकला. मैदान एक्कावन्न यार्ड आहे."

तरीही मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो मला घेऊन मैदानावर गेला. समिती येणार म्हणजे सगळंच मोजून ठेवलेलं बरं. रुंदी एक्कावन्न. चॅपलकडचा गोल, नियमाप्रमाणे आठ फूट उंच. मग गिरणीकडचा. त्याने पट्टी लावली, उतरवली, बाहीला पुसली आणि पुन्हा लावली. गुडघ्यांवर बसला आणि पटाशीने खांबाच्या बुडाशी उकरायला लागला. खांब रोवताना त्याने जमिनीच्या पातळीला एक खाच केली होती. ती खाच राखेखाली सापडली. पावणेतीन इंच खाली.

बार जिथल्या तिथेच होता. जमीन वर आली होती. चार हिवाळ्यांची राख, त्याची स्वतःची हातगाडी, त्याचं स्वतःचं धुमस. चार वर्षं हा माणूस जिल्हाभर दुसऱ्यांचे गोल मोजत फिरला, आणि आपला गोल आपण केलाय म्हणून त्याला पट्टी लावली नाही. आमच्याकडे याला दिव्याखाली अंधार म्हणतात, आणि इथे तर दिवाच सुताराचा.

"गॅल्टचा चेंडू," जेबेझ म्हणाला.

"बारला लागला होता," मी म्हणालो.

"वरच्या कडेला नाही लागला, एली. मी बघितलं. मध्याच्या खाली लागला. आठ फूट असता तर आत होता."

मी ओढ्याकडे बघत राहिलो.

"एली, चार वर्षं तू इथे उभा आहेस. तुला कधी जाणवलं नाही?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

खोटं. मी सहा फूट उंच. चॅपलकडच्या गोलखाली टाचा टेकून हात वर केला की माझी फक्त नखं बारला लागायची. गिरणीकडे बोटांची पेरं टेकायची. आधी एक, मग दोन, आणि त्या वर्षी जवळजवळ तिन्ही. गोलकीपरला हे कळत नाही असं जो म्हणतो, त्याने कधी गोल राखला नसेल. मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं, आणि मी मूग गिळून बसलो होतो. बुटका बार कोणत्या गोलकीपरला नको असतो? जेबेझने माझ्या हातांकडे बघितलं, पट्टी मिटली आणि खिशात टाकली.

लूथरला सांगावंच लागलं. तो धावत आला, बघितलं आणि हसला. "एवढंच ना? तीन फावडी आणतो. अर्ध्या तासाचं काम. राख काढली की झाले आठ फूट."

"शनिवारी जे होतं ते मोजायचं असतं, लूथर."

"अरे, मैदान साफ करणं गुन्हा आहे का? पैज तू जिंकलायस, जेबेझ! क्लब तुला हवा तसा राहणार. मी शब्द मागे घेत नाहीये, तू काय रडतोयस?"

"मयत तोकडं निघालं म्हणून ताणून लांब करतात का?"

"मयत कुठलं? आपण जिंकलोय रे, गाढवा!"

राख काढली नाही. खांबाजवळ उकरलेलंही जेबेझने पुन्हा ठोकून बसवलं, होतं तसं.

बुधवारी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको केझाया त्याला आडनावानेच हाक मारायची. तिने बटाटा भरून भाजलेलं पिठाचं पाय त्याच्यापुढे ठेवलं होतं आणि तो काट्याने त्याच्या कडा मोजत बसला होता.

"ऑर्मरॉड, जेव," ती म्हणाली. "दुसऱ्यांच्या डोळ्यातली कुसळं काढत चार वर्षं फिरलास. आता आपलं मुसळ दिसलं म्हणून जेवण वाया घालवू नकोस. हे बघ, बारबद्दल विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर गप्प बस. त्यांनी रुंदीची हरकत घेतलीय ना? मग मोजू दे रुंदी. यात खोटं कुठे आलं?"

"कुठेच नाही," जेबेझ म्हणाला.

"मग खा."

त्याने खाल्लं. मला वाटलं, सुटलो.

गुरुवारी समितीचा माणूस आला. उंच टोपी, नाकाला रुमाल, सर्दीने बेजार. क्रॅबट्री त्याच्या मागे मागे, लग्नातल्या वरमाईसारखा तोरा मिरवत. आम्ही गावातले पन्नासएक जण भिंतीला टेकून उभे. साखळीने रुंदी मोजली. एक्कावन्न यार्ड आणि वर चार इंच. पुन्हा मोजली, तेवढीच. समितीचा माणूस शिंकला आणि म्हणाला, "मिस्टर क्रॅबट्री, तुमची हरकत फेटाळली. सामन्याचा निकाल कायम." भिंतीकडून ओरडा झाला. त्याने टोपी सारखी केली, घड्याळ बघितलं, आणि रिवाजाप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला. तो दर वेळी विचारतात आणि उत्तरासाठी कोणी थांबत नाही.

"मैदानाबद्दल आणखी कोणाची काही हरकत?"

"नाही," क्रॅबट्री म्हणाला. एरंडेल प्यायल्यासारखं.

"मिस्टर ऑर्मरॉड?"

लूथरने माझी बाही धरली. इतकी घट्ट की शिवण उसवली. जेबेझ उभा होता, वेस्टकोटवर हात. बारबद्दल कोणी विचारलं नव्हतं. 'नाही' म्हणायचं, एवढंच काम होतं. मनातल्या मनात मी ते त्याच्यासाठी दहा वेळा म्हणून टाकलं.

जेबेझने आतल्या खिशातून छापील अर्ज काढला.

"माझी हरकत आहे."

"कोणाविरुद्ध?"

"हॅरोक्लफविरुद्ध."

समितीच्या माणसाने रुमाल खाली घेतला. "तुम्ही हॅरोक्लफचेच चिटणीस ना?"

"हो साहेब. गिरणीकडच्या गोलची उंची सात फूट सव्वानऊ इंच आहे. शनिवारीही तेवढीच होती. दोष चिटणिसाचा."

   क्रॅबट्री लालबुंद होऊन पुढे आला. "साहेब, ऐकू नका! काहीतरी डाव आहे याचा! हा ऑर्मरॉड स्वतःहून बोलतोय म्हणजे माझंच काहीतरी जाणार! बार आठ फूट आहे. बरोबर आहे बार! माझ्या डोळ्यांनी बघितलाय!"

"सव्वानऊ इंच," जेबेझ म्हणाला.

"आठ फूट!" क्रॅबट्री किंचाळला. "ब्रॅकशॉची या हरकतीला सक्त हरकत आहे!"

म्हणजे बघा. जिंकलेला क्लब म्हणतो आम्ही जिंकलो नाही, आणि हरलेला क्लब गळा फाडून म्हणतो तुम्हीच जिंकलात. समितीच्या माणसाने दोघांकडे बघितलं आणि गिरणीकडे चालू लागला. बार मोजला. सात फूट सव्वानऊ. क्रॅबट्रीचं तोंड उघडंच राहिलं. निकाल रद्द, सामना पुन्हा. भिंतीकडून कोणीतरी जेबेझला चिखलाचं ढेकूळ मारलं. ते त्याच्या टोपीला लागलं. त्याने टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

मला त्याचा राग आला. खोटं कशाला सांगू, अजून येतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच्या एका 'नाही'वर त्याचं सगळं उभं होतं, आणि ते त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

राख काढली, बार आठ फुटांवर आला, आणि पुढच्या शनिवारी ब्रॅकशॉने आम्हाला सात-एकने चोपलं. त्या सातांतला एखादा त्या पावणेतीन इंचांतून गेला असेल. बाकीचे कुठल्याही बारखालून गेले असते.

सभा भरली. ठराव जेबेझनेच वाचून दाखवला, स्वच्छ आवाजात. बाजूचे हात त्यानेच मोजले, आणि दोनदा मोजले. एकतीस विरुद्ध एक. विरुद्धचा एक त्याचाच. "ठराव मंजूर," तो म्हणाला, ते वहीत लिहिलं, खाली सही केली, आणि चिटणीसपदाचा राजीनामा टेबलावर ठेवून घरी गेला. हो, त्या एकतीस हातांत माझाही एक होता. सामन्याला पाच शिलिंग मिळणार होते. लूथर हात वर करताना जमिनीकडे बघत होता. मी छताकडे.

त्यानंतर गावाने जेबेझला टाकलंच म्हणा. खुर्च्या-टेबलं लोक बाहेरून आणायला लागले. पेट्या मात्र त्याच्याकडेच यायच्या, कारण दुसरा कोणी नव्हता. लूथरच्या म्हातारीची पेटी त्याने केली, तेव्हा लूथर दारात उभा राहून बोलला, आत गेला नाही.

क्लबात मग सगळ्यांना पैसे मिळू लागले. खेळाडूंना, फाटकावरच्याला, गणवेश धुणारीला, चेंडूला चरबी लावणाऱ्यालाही. स्कॉटलंडहून तिघे आले आणि लूथरला चौथ्या वर्षी संघातून काढलं, कारण तेवढ्याच पगारात त्याच्यापेक्षा बरा माणूस मिळत होता. बिचारा फाटकावर तिकिटं फाडू लागला. मला अजून दोन वर्षं ठेवलं.

आणि दर शनिवारी सकाळी जेबेझ फावडं घेऊन मैदानावर यायचा. राख टाकणं चालूच होतं, आता ते काम दुसरा एक जण पैसे घेऊन करायचा. जेबेझ गिरणीकडच्या गोलच्या तोंडाशी ती खरवडून त्या खाचेपर्यंत आणायचा, पट्टी लावायचा, आठ फूट झाले की घरी. सामना बघायला थांबत नसे. नवीन चिटणिसाने एकदा त्याला शिलिंग देऊ केला. जेबेझ म्हणाला, "शनिवार आहे आज," आणि पुढच्या खांबाकडे वळला.

असं वीस वर्षं. मी खेळणं सोडल्यावर शनिवारी त्याच्याबरोबर जाऊ लागलो. का, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्ही पावसाबद्दल बोलायचो, लाकडाच्या भावाबद्दल, केझायाच्या गुडघ्यांबद्दल. त्या मंगळवारचं कधी निघालं नाही.

गेल्या जानेवारीत तो शेवटचा आला. फावडं मीच मारलं. तो उलट्या बादलीवर बसून होता. त्याचे हात इतके थरथरायचे की पट्टीची घडी उलगडेना. दोनदा प्रयत्न केला, मग ती खिशात परत ठेवली आणि मला म्हणाला, "एली, खाली उभा राहा. टाचा टेकून. हात वर कर."

मी उभा राहिलो. हात वर केला.

"आता सांग," तो म्हणाला. "किती पेरं?"

वीस वर्षं तो हे मनात ठेवून माझ्याशी पावसाबद्दल बोलत होता. माझा हात वरच राहिला. खाली घ्यायचं मला सुचेना.

"एकही नाही, जेबेझ," मी म्हणालो. "फक्त नखं."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि उठायला हात पुढे केला.